जांभळ्याची चाल

आमच्या मास्तरांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, चाली राहत. वसईतल्या उमेळ्याच्या रस्त्यावर एखादी बाई भाजीची पाटी घेऊन समोरून आली की हे थांबायचे, डोक्यावरची टोपी बोटानं मागं सरकवायचे आणि नाकातल्या नाकात एक तुकडा गुणगुणायचे. बाई लाजायची. साठीला आलेली बाई, पुढचे दोन दात पडलेले, आणि भर रस्त्यात लाजतेय. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, काय हा चावट म्हातारा, आणि ह्याच्याच घरात आपण भाड्यानं राहायला आलोय.

मग कळलं की तो तुकडा म्हणजे त्या बाईच्या लग्नातली चाल. मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, बँडचे. क्लॅरिनेट वाजवायचे. तिथल्या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीकडची मंडळी वाजतगाजत विहिरीवर जातात, घागरी भरून आणतात आणि त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालतात. त्या पाण्याच्या वाटेवर मास्तरांचा बँड असायचा आणि मास्तरांचा एक नेम असायचा. प्रत्येक नवरीला नवी चाल. एकदा जी एकीला दिली ती पुन्हा दुसरीला नाही, मग कुणी पाया पडो की शिव्या देवो. "एकीचं पानी दुसरीच्या अंगावर घालतात का?" असं विचारायचे.

चाली कागदावर लिहायचे नाहीत. नोटेशन वाचता यायचं त्यांना, लहानपणी चर्चमध्ये फादरनी शिकवलं होतं, पण लिहिलं की चाल कागदाची होते असं त्यांचं मत. बँडमधल्या एकेकाला शेजारी बसवून त्याच्या कानात गाऊन शिकवायचे. ट्रम्पेटवाला सांगायचा की मास्तरांच्या तालमीनंतर अर्धा दिवस कानाला तपकिरीचा वास येतो.

आणि चाली कुठून आणायचे? कुठूनही. सोनाराच्या हातोडीवरून एक. पाचूबंदरला जाळी ओढताना कोळी जे म्हणतात त्याच्यावरून एक. आमच्या गल्लीसमोर तेव्हा वाडी तोडून बिल्डिंगचा पाया खणत होते, तिथं येणारा पाण्याचा टँकर मागं घेताना एक टुकार धून वाजायची, तिच्यावरूनसुद्धा मास्तरांनी एक चाल बांधली आणि ज्याची वाडी विकली गेली त्याच्याच पोरीला दिली. बाप म्हणे ती ऐकून रडला. कुणाला कळलं नाही की हा टँकर आहे.

सिनेमातलं गाणं मात्र नाही. वरातीत कुणी पाहुणा घेऊन-बिऊन पुढं आला आणि अमकं गाणं वाजवा म्हणाला, तर मास्तर त्याला नाही म्हणत नसत. क्लॅरिनेट काखेत धरून पाणी मागायचे. मग ते पाणी असं सावकाश प्यायचे, घोट घोट, मधेच तांब्याकडे बघत, की तो पाहुणा कंटाळून दुसरीकडे नाचायला निघून जायचा.

आम्ही त्यांच्याकडे कसे गेलो ते सांगते. मी कऱ्हाडची, हे राजापूरकडचे, आणि लग्न दोन्ही घरांना न विचारता केलेलं. ह्यांची नोकरी मुंबईत, पण मुंबईत खोली घ्यायची आमची ऐपत नव्हती, म्हणून वसई. मास्तरांच्या घराला मागच्या बाजूनं दोन खोल्या काढलेल्या होत्या. आम्ही बघायला गेलो. मला वाटलं, आता विचारतील पगार किती, जात कुठली, मांसमच्छी खाता का. त्यांनी विचारलं, "गानं येतं का?" ह्यांनी घाबरून उभ्या उभ्या आरती म्हटली. मास्तरांनी डोळे मिटून अख्खी ऐकून घेतली. मग बायकोला म्हणाले, "बेसूर हाय, पन तालात हाय. भाडं वेळेवर देईल." आणि दिलीच की खोली.

मग माझ्याकडे वळले. "तुझ्या लग्नात कुठली चाल होती?"

मी म्हटलं, आमचं रजिस्टर लग्न, मास्तर. ऑफिसात सह्या केल्या, बाहेर येऊन दोन हार घातले, बटाटेवडा खाल्ला आणि घरी आलो.

"चालच न्हाय?"

असं म्हणाले आणि बघत राहिले. मी दोन दिवस उपाशी आहे असं सांगितलं असतं तरी एवढं वाईट वाटून घेतलं नसतं त्यांनी. मला मेला रागच आला. नव्या जागी आल्या आल्या कुणी आपली कीव करावी हे मला सोसत नाही. मी म्हटलं, चालीवाचून काही अडलं नाही आमचं. त्या दिवसापासून मास्तर समोरून गेले की माझ्यापाशी थांबायचे, टोपीला हात लावायचे आणि गप्पच पुढं जायचे. सगळ्या बायकांना गुणगुणून दाखवायचं आणि मला मुकं. मी वरवर हसायचे, पण बोचायचं ते.

भांडणंही झाली आमची. माझा कुकर हा पहिला विषय. एक दिवस सकाळी दारात उभे, हातात कुकरची नवी शिटी. म्हणाले, तुझा कुकर अर्धा सूर खाली हाय, त्याच्यानं माझी सगळी सकाळ खाली जाते. मी म्हटलं, भात शिजतोय ना? पण शिटी बदलली त्यांनी. खरं सांगायचं तर नंतर जुनी शिटी लावून बघितली तेव्हा मलाही ती किंचित रडकी वाटली.

दुसरं भांडण ठेच्यावरून. मी कौतुकानं वाटीभर ठेचा पाठवला, आमच्याकडचा, झणझणीत. दुसऱ्या दिवशी गोखिवऱ्याला लग्न आहे हे मला काय माहीत. बँड वाजवणारी माणसं वाजवायच्या आधी ओठ जपतात, तिखट खात नाहीत, खोबरेल तेल लावतात, हेही कुठं माहीत. मास्तरांचे ओठ सुजून एवढाले झाले. मावशी, म्हणजे त्यांची बायको, माझ्या दारात येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मला वाटलं आता खोली सोडायला लावतात. त्या म्हणाल्या, "अजून हाय का? चार दिवस गप तरी बसतील."

मावशी तशाच होत्या. चाळीस वर्षं त्या क्लॅरिनेटबरोबर संसार केलेला. त्यांचीसुद्धा चाल होती, पण ती मास्तर घराबाहेर कधी गुणगुणायचे नाहीत.

आता जांभळ्याकडे येते. ह्यांच्या ऑफिसात दिवाळीला लकी ड्रॉ असायचा. मी वर्षभर मिक्सरची आस लावून बसलेली. ह्यांना लागला व्हिडिओ गेम. टीव्हीला जोडायचा डबा, दोन वायरी, आणि एकच कॅसेट, तिच्यावर नाव होतं ते कुठल्या परदेशी लिपीत. मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. मग दुपारी एकटी असताना म्हटलं, बघू तरी हे काय आहे. लावला. एक गडी उगवला, जांभळा झगा पाठीवर, अंगात अचाट शक्ती, हवेत झेप घेतो, बुक्की मारली की लोखंडी माणसाचे तुकडे होतात. अख्खं शहर राक्षसांनी धरलंय आणि हा एकटा सोडवणार. मी त्याचं नाव ठेवलं जांभळ्या. आणि काय सांगू, मला नादच लागला. परक्या गावात, माहेर तुटलेलं, सासर बोलत नाही, नवरा अंधार पडल्यावर घरी येणार. तिथं कुणाला तरी दोन बुक्क्या घालायला मिळाल्या की बरं वाटायचं.

खेळायला मात्र मी अगदीच कच्ची होते. पहिली गल्ली कशीबशी पार व्हायची. दुसरीच्या शेवटी एक लोखंडी विंचू असायचा, तो नांगी मारायचा आणि जांभळ्या आडवा. मधे लाईट गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि लाईट तर रोज जायची.

त्याच वर्षी मास्तरांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. उशिरा झालेली पोर, बापाची लाडकी. मोठ्या दोघींना त्यांनी अशा चाली दिलेल्या की गावात अजून नाव निघायचं. लग्न मे महिन्यातलं आणि मास्तरांना चाल सुचेना. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग दिसायला लागलं, हे गृहस्थ विहिरीच्या कठड्यावर बसलेत, सोनाराच्या दुकानासमोर बसलेत, टँकरच्या मागं उभे आहेत. परत येतात ते रिकामेच. मावशींनी विचारलं तर म्हणाले, कान आटला. गावभरच्या पोरींना देऊन झालं आणि घरच्या पोरीच्या वेळेला तळ लागला.

धाकटी समजूतदार. पप्पा, जुनीच एखादी वाजवा, कुणाला आठवतंय, असं म्हणाली. मास्तर त्या रात्री जेवले नाहीत. पोरीला दुसरीचं पाणी घालायचं म्हणजे त्यांच्या लेखी पोर उघड्यावर टाकल्यासारखंच होतं. आणि गावातल्या बायका एकमेकींच्या चाली ओळखून होत्या, अगदी कुणाची कुठली ते. फसवता येण्यासारखं नव्हतं.

त्यात उपवासकाळ लागला. ईस्टरच्या आधीचे ते चाळीस दिवस ख्रिस्ती लोक लग्नं करत नाहीत, आणि मास्तरांचा आणखी स्वतःचा नवस, त्या दिवसांत क्लॅरिनेटला हात लावायचा नाही. पेटीत बंद. हात मोकळे, तोंड मोकळं, डोकं रिकामं. अशा एका दुपारी मी जांभळ्याला घेऊन बसलेली आणि दारावर थाप पडली.

"ते काय वाजतंय?"

मी आवाज बंद करायला धावले. मला वाटलं कुकरसारखंच काहीतरी. मास्तर म्हणाले, बंद नको करू, पुन्हा लाव. उंबऱ्यात बसले. पहिल्या गल्लीची चाल त्यांनी पाच-सहा वेळा ऐकली. मी मरायची, ते म्हणायचे, पुन्हा. शेवटी उठताना म्हणाले, "हे अर्धं हाय पोरी. हा सवाल हाय. ह्याचा जबाब पुढं कुठंतरी असनार. तू पुढं जा."

म्हणजे झालं. त्या दिवसापासून एका बापाच्या पोरीचं लग्न माझ्या अंगठ्यावर येऊन बसलं. मी रोज दुपारी भांडी उरकून बसायची, मास्तर उंबऱ्यात आणि मावशी सुपात तांदूळ घेऊन दारात. तरणी बाई आणि म्हातारा बंद खोलीत टीव्ही बघतात असं गावानं म्हणू नये म्हणून त्या यायच्या, पण चार दिवसांत त्याच माझ्यापेक्षा जास्त गुंतल्या. जांभळ्या खड्ड्यात पडला की त्यांचा तांदूळ सांडायचा.

दुसऱ्या गल्लीचं संगीत मास्तरांनी एकदा ऐकून सोडून दिलं. ही गल्ली नुसती बडबड करते, म्हणाले. एक गोष्ट मात्र त्यांना खुपायची. चाल सुरू झाली की थोड्या वेळानं तिच्यात एक बारीक शिटी यायची, पिं पिं पिं, पिं पिं पिं. मला ती आवडायची. मला वाटायचं, गाणं रंगात आलं की वाजते. मास्तर विचारायचे, ही मधली शिटी कोण वाजवतो, तालाला पक्का दिसत नाही, दर वेळी वेगळ्या जागी येतो. मी म्हटलं, गेममध्येच आहे ती. एकदा खेळ संपल्यावर मी गॅसकडे गेले आणि डबा तसाच चालू राहिला. कुणी खेळत नसलं की जांभळ्या आपला आपण खेळून दाखवायचा. मास्तर ऐकत बसले. मी परत आले तर म्हणाले, "ही शिटी गान्यातली न्हाय. तू बसलीस की मगच वाजते." मला वाटलं माझ्या खेळण्याची चेष्टा करतायत. मी म्हटलं, मग तुम्ही या की इथं, घ्या हातात.

विंचू मात्र काही केल्या हलेना. ईस्टर जवळ येत चाललेला. मला रात्री झोपेत नांगी दिसायची. मी एक दिवस डबा आपटला आणि म्हटलं, मास्तर, माझ्याच्यानं होत नाही, तुम्ही दुसरीकडे शोधा चाल. मास्तर उठून माझ्या मांडणीवरचं ताट आणि चमचा घेऊन आले. म्हणाले, आता तू त्याच्याकडे बघू नको, माझ्याकडे कान दे.

विंचू नांगी मारायचा ती तालात मारायचा. मला कधी कळलंच नव्हतं. मी त्याच्या डोळ्यांकडे बघून घाबरून उड्या मारत होते. मास्तर ताटावर चमच्यानं ठेका धरायचे आणि नांगी यायच्या किंचित आधी म्हणायचे, "घे." मी उडी घ्यायची. "घे." पुन्हा उडी. "मार." बुक्की. बँडमधल्या पोरासारखं वाजवून घेतलं त्यांनी माझ्याकडून. मावशींनी सूप खाली ठेवलं होतं आणि जपमाळ हातात घेतली होती, उपवासकाळात विंचवासाठी. आणि मेला तो विंचू. तुकडे होऊन पडला.

तिसरी गल्ली उघडली आणि जबाब आला.

मला संगीतातलं कळत नाही. पण पहिल्या गल्लीत जे विचारत राहिल्यासारखं वाटायचं ते इथं येऊन बसलं, एवढं मलाही कळलं. मास्तर उभे राहिले. दोन्ही हात कानांमागं. मी खूश होऊन पुढं पळायला लागले तर ओरडले, "जाऊ नको. थांब तिथंच. संपूर्ण होऊ दे."

पण थांबता कुठं येतंय. दोन्ही बाजूंनी लोखंडी माणसं येत होती. मी एका भिंतीला टेकून उभी राहिले आणि मार खात राहिले. चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा झाली, पुन्हा सुरू झाली. पिं पिं पिं सुरू झालं. मी म्हटलं, मास्तर, मी मरतेय.

"हळू मर, पोरी," ते म्हणाले. "जरा हळू मर."

मी आयुष्यात तेवढी बरी कधी खेळले नाही. उडी, बुक्की, खाली बसणं, पुन्हा उडी. जवळजवळ मेलेली असून मरत नव्हते. दुसऱ्यांदा चाल पूर्ण झाली आणि तिसऱ्यांदा अर्ध्यावर असताना लाईट गेली. खोलीत एकदम शांत झालं. मास्तर तसेच बाहेर पडले आणि वाडीत केळींमध्ये दिसेनासे झाले.

दुसऱ्या दिवशी बघते तर दोन्ही कानांत कापूस. क्लॅरिनेटला हात लावायचा नाही, कागदावर लिहायचं नाही, म्हणजे ईस्टरपर्यंत ती चाल डोक्यातच सांभाळायची. बाहेरचं काही आत जाऊन ती बिघडू नये म्हणून कापूस. चर्चमध्ये मिस्सेलासुद्धा तसेच गेले. फादरनी हाक मारली ती ऐकू आली नाही, गावात झालं की मास्तरांचं डोकं फिरलं. मावशी खुणांनी जेवायला बोलवायच्या आणि ओठांनी हळूच शिव्या द्यायच्या, कारण ऐकू येत नाही तोवर देऊन घ्याव्यात.

ईस्टरच्या सकाळी मिस्सेहून आले, कापूस काढला, पेटी उघडली. मी ओट्यापाशी होते. भिंतीपलीकडून ती चाल आली, सवाल आणि जबाब, सलग, आणि मी हातातलं पीठ तसंच ठेवून खाली बसले.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मी घागर घेऊन बायकांच्या मागं होते. मावशींनीच ओढून नेलं होतं, घरची म्हणून. बँड सुरू झाला आणि रस्त्यावरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. असं कुणाचंच नव्हतं. धाकटी मुसमुसत होती आणि हसत होती. आणि जबाब संपता संपता ट्रम्पेटवाल्यानं मान वर केली आणि वाजवलं, पिं पिं पिं, पिं पिं पिं. पोरंसोरं खूश, सगळी तेच ओरडायला लागली. मास्तर वाजवता वाजवता एकदा मागं वळले. मला वाटलं, पोरीकडे बघतायत. पोर तर पुढं होती.

पुढं आम्ही फुलपाड्यात स्वतःचा वन रूम किचन घेतला आणि विरारवासी झालो. मुलगा झाला, त्याच्या निमित्तानं सासर-माहेर दोन्ही बोलायला लागलं. जाणं-येणं कमी होत गेलं. लग्नांत स्पीकरचे मोठमोठे डबे लावून गाणी वाजवणारे आले, बँडमधली पोरं नोकरीला लागली, मावशी गेल्या. मावशींच्या वेळी गेले होते मी. मास्तर भेटले, टोपीला हात लावला आणि मुकेच राहिले. तेव्हाही.

मग अलीकडेच, मुलगा नववीत, त्यानं कॉम्प्युटरवर कुठूनतरी जुने गेम उतरवले. मी भाजी निवडत होते. एकदम कानावर सवाल आला. मी तशीच उठून गेले. जांभळ्याच तो. केवढासा दिसतो आता, चौकटी चौकटींचा, कुणी फरशीच्या तुकड्यांचा केल्यासारखा. मुलगा सराईतपणे पुढं गेला, विंचू एका दमात मारला, तिसऱ्या गल्लीत शिरला. मी वाट बघत होते. जबाब झाला, पुन्हा झाला.

मी म्हटलं, हे वेगळं आहे रे, ह्याच्यात शिटी नाही.

"कुठली शिटी?" मी वाजवून दाखवली. तो हसायलाच लागला. मग मुद्दाम मार खाल्ला त्यानं, आणि पिं पिं पिं सुरू झालं. "आई, ती लाइफ संपत आली की वाजते. अलार्म आहे तो. तू काय सारखी मरायलाच टेकलेली असायचीस?"

मीही हसले. रात्री मात्र झोप येईना. त्या माणसानं एवढं जिवापाड सांभाळून पोरीला चाल दिली आणि तिच्यात माझ्या मरणाची शिटी. शुभकार्यात. त्यांना कुणी सांगितलं नसेल तर सांगावं की सांगू नये, काही कळेना. हे म्हणाले, एवढ्या वर्षांनी काय फरक पडतो. ह्यांना तालाचं कळतं, सुराचं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी उमेळ्याला गेले.

समोरची बिल्डिंग जुनीसुद्धा दिसायला लागली होती. मास्तर पडवीत खुर्चीवर. ऐंशीच्या घरात, वाळलेले, कानांत आता कापसाची गरज नव्हती. धाकटी सांभाळायला येऊन राहिली होती. म्हणाली, कुणालाच ओळखत नाहीत हो, मला नावानं हाक मारून वर्ष झालं. मी म्हटलं, असू दे. ती आत गेली आणि चहा घेऊन बाहेर आली, तसे मास्तर तिच्याकडे बघून गुणगुणायला लागले. आवाज फाटका, पण सूर जागच्या जागी. सवाल झाला. जबाब झाला. आणि थांबले.

मी धाकटीला विचारलं, शिटी राहिली का?

"ती माझ्यासाठी न्हाय गुनगुनत कधी," ती म्हणाली. "लग्नातसुद्धा ट्रम्पेटवाल्यानं विचारलेलं, हे कशाला मधेच, तर पप्पा म्हनाले, वाजव, ते तिचं न्हाय. कुनाचं ते काय बोलले न्हाय."

आणि मी आले होते सांगायला. तू बसलीस की मगच वाजते, असं म्हणाले होते ना. एवढ्या तयार कानाच्या माणसाला मी शिटीचा अर्थ समजावणार होते.

तेवढ्यात मास्तरांची मान माझ्याकडे वळली. डोक्यावर टोपी नव्हती, तरी हात कपाळापर्यंत गेला आणि बोटानं काहीतरी मागं सरकवलं. मी म्हटलं, मास्तर, मी. त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी ओठ ओले केले, वाजवायच्या आधी करायचे तसे.

"पिं पिं पिं," मास्तर म्हणाले. "पिं पिं पिं."

चाळिशी ओलांडलेली बाई मी, केसांत पांढरं, हातात बशी, आणि भर दुपारी त्या पडवीत लाजले.